भिंग पुसून न गेलेला डाग

३ फेब्रुवारी

बोलायची सोय नाही म्हणून लिहितेय. उजव्या डोळ्यासमोर डाग आहे. आणि माझी लॅब याच डोळ्यावर चालते.

सकाळी मायक्रोस्कोपखाली स्लाइड लावली, तर मधोमध करडा ठिपका. वाटलं, भिंगावर धूळ. पुसलं. मग भिंग फिरवून पाहिलं – धूळ असती तर डागही फिरला असता. फिरला नाही. स्लाइड बदलली – डाग तिथेच! शेवटी नजर भिंतीकडे नेली.

डाग भिंतीवर.

४ फेब्रुवारी

नणंदेला सांगितलं नाही. लॅबमध्ये रक्त काढणं, तपासणीचं किट लावणं तिच्याकडे. तोंडाचा पट्टाही तिच्याकडेच. आज म्हणाली, "वहिनी, किती पुसाल ते भिंग? झिजेल!"

म्हटलं, "तुझी जीभ झिजली नाही अजून, भिंगाला काय होतंय."

७ फेब्रुवारी

घात झाला. बेकरीवाल्याच्या रक्तात मलेरिया नाही, असा रिपोर्ट मी परवा दिला. आज नणंदेने सहज तीच स्लाइड लावली. "वहिनी, ही निगेटिव्ह? अहो, जंतू ठाण मांडून बसलेत!"

त्याला फोन करून बोलावलं. बायकोच्या खांद्यावर भार टाकून आला, दात वाजत होते. गोळ्या सुरू झाल्या. तो वाचेल.

मागच्या सगळ्या स्लाइड नणंदेला पुन्हा बघायला लावल्या. कारण सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही – आणि ही बाई न विचारणाऱ्यातली नव्हे!

९ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. थेंब घालून बराच वेळ पाहिलं त्यांनी. "पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या बिघडल्यात. कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढरे ठिपके आहेत. मध्याजवळ रक्त झिरपलंय."

साखर? नाही. रक्तदाब? नाही. मग त्यांनी विचारलं, "एचआयव्हीची तपासणी केलीये कधी?"

"हजारो केल्यात."

"लोकांच्या. तुमची?"

माझ्या वयाला हा प्रश्न! रागाने उठलेच. दारापर्यंत त्यांचा आवाज मागे आला – "उशीर करू नका. औषधं वेळेवर सुरू झाली तर नजर वाचू शकते."

१० फेब्रुवारी

हे गेले त्याला सहा वर्षं झाली. क्षय, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. आजारपणात मला कधी रक्त काढू दिलं नाही त्यांनी. "तुझा हात जड. माझ्या बहिणीलाच काढू दे." मी हसले होते.

किट कपाटात आहेत. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला.

११ फेब्रुवारी

भीती वाटते. दुसरं काही लिहायला नाही.

१२ फेब्रुवारी

आज नणंदेच्या ताब्यात दिलं: मायक्रोस्कोप, भिंगांची पेटी, कपाटाची किल्ली. यापुढे स्लाइड तीच वाचेल. कारणही सांगितलं, काही न लपवता. मग बाही वर केली. "काढ रक्त. एचआयव्हीचं किट लाव."

तिने रक्त काढलं. नळी हातात धरून उभी राहिली. किट उघडेना.

"वहिनी, दादाचं मीच केलं होतं. त्याने शपथ घातली होती मला..."

म्हटलं, आधी किट उघड.