कर्ज-शिष्यवृत्तीचा विग्रह

३ जून
लेख पुन्हा परत! संपादक म्हणाले, "इतिहास कोण वाचतो? पात्रता द्या, शेवटची तारीख द्या, एक हसरी मुलगी छापा." सरकार कॉलेजच्या पोरांना मदत कधीपासून देऊ लागलं आणि ती कशी आटत गेली, यासाठी मी महिनाभर जुनी दप्तरं उपसतोय. यांना हसरी मुलगी हवी.

ती माझ्या घरात आहे. पशुवैद्यकला लेकीचा नंबर लागलाय. सरकारी मदतीच्या कागदावर तिची सही तेवढी राहिलीय — दहा तारखेच्या आत. वार्ताहराच्या पगारात ती मदत नाही तर कॉलेजही नाही.

५ जून
आधी निव्वळ शिष्यवृत्ती होती. वृत्ती म्हणजे उपजीविका. शिष्याने शिकावं, त्याच्या पोटाचं सरकारने बघावं. पुढे निम्मं अनुदान, निम्मं कर्ज. मग सगळंच कर्ज, व्याज तेवढं माफ. आता व्याजही भरायचं. नाव मात्र पहिल्यापासून 'साहाय्य'च! मधेच कुणा विद्वानाने 'कर्ज-शिष्यवृत्ती' असा शब्द पाडला. त्याचा विग्रह करत बसलो. तत्पुरुष नाही, द्वंद्व नाही. बहुव्रीहीच असणार — दोन्ही पदं बाजूला, अर्थ तिसऱ्याच्याच घरी. म्हणजे बँकेच्या.

लेकीला ऐकवलं, ती हसली. बायको हसली नाही. पोरीला आता असलं काही ऐकवू नका म्हणाली. हिला विनोदाचं वावडंच आहे.

६ जून
संपादकांनी इतिहासाचे तीन परिच्छेद उडवले. भांडलो. पालथ्या घड्यावर पाणी.

८ जून
आतल्या पानाची जाहिरात ऐन वेळी रद्द झाली. भोक बुजवायला संपादकांनी नाक मुरडत माझा लेख अख्खा घेतला. शेवटच्या वाक्यासकट: "देताना साहाय्य आणि मागताना कर्ज, असलं दान मुलांनी न घेतलेलंच बरं." वाक्य जमलंय, माझ्याच तोंडाने सांगतो.

९ जून
छापून आला. चिटपाखरूही फिरकलं नाही. उपसंपादक तेवढा म्हणाला, "शीर्षक झकास होतं, सर." शीर्षक त्यानेच दिलेलं. महिनाभराची मेहनत, आणि एकाच्याही डोक्यात काही शिरलं नाही.

११ जून
लेकीला सहज विचारलं, सहीचं काम झालं ना? म्हणाली, "नाही केली, बाबा. जागा सोडली. सोमवारपासून मावशीच्या दुकानात बसतेय. तुमचा लेख चारदा वाचला, कुठे चूक सापडेना."