आवाज न आलेला रविवार

दि. १९, रविवार, दुपार

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक आहे, असं लिहायची हाताला सवय, म्हणून लिहून टाकलं. त्याचं पुढे बघू.

नेट अजून नाही. आज अकरावा दिवस. रस्ता खणताना कोणीतरी केबल तोडली आणि कंपनीतली मुलगी रोज गोड आवाजात "चोवीस तासांत होईल, सर" म्हणते. तिचे चोवीस तास काही सरत नाहीत. मी लेखी तक्रार करणार, असं आईला सांगून बसलोय. ती समोर मटार सोलतेय आणि तिला वाटतंय मी तीच लिहितोय. फोनवर हे बोलता आलं नसतं. फोन कायम स्पीकरवर आणि ती कायम शेजारी.

मागच्या रविवारी तुझा फोन चुकू नये म्हणून खालच्या न्हाव्याने बोलावलं. "माझं नेट दुसऱ्या कंपनीचं आहे, काकूंना घेऊन खुशाल या." आई आधी नको नको म्हणाली, मग माझा दंड धरून उतरली. उंबऱ्यावर अडखळली, तर मी चपलांना शिव्या घातल्या.

तुला आठवत असेल, त्या दिवशी चित्र स्वच्छ होतं आणि आवाज अजिबात नव्हता, ना तुझा, ना आमचा. तुझ्या पिटुकलीने तिचं चित्र पडदाभर धरलं होतं. जांभळा हत्ती, पाच पायांचा. मी फोन आईच्या तोंडासमोर धरला. ती सरळ त्याच्याकडे बघत म्हणाली, "फोन अजून लागला नाही का हो?"

न्हाव्याची कात्री थांबली. तुला वाटलं असेल लाइन गेली. लाइन गेली नव्हती, मीच फोन बंद केला.

घरी आल्यावर तिने एका दमात सांगितलं. काचबिंदू. दोन वर्षांपासून कडेकडेने अंधारत आलं, आता उजेड आणि सावली एवढंच कळतं. डोळे कोरडे पडतात असं सांगून थेंब घालायची, ते याचंच औषध. शेजारच्या शिवणवालीला घेऊन गुपचूप डॉक्टरकडे जायची. का लपवलंस, विचारलं, तर म्हणाली, "पोर म्हणाली होती ना, तुमच्यापैकी कोणाला काही झालं तर नोकरी सोडून येईन. किती वर्षं झगडून मिळवलीय तिने."

चिमे, मी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं वाचली. टेबलापलीकडून सुटलेला अनुस्वार मला दिसायचा. आणि घरातलं हे दिसलं नाही. दोन दिवस मला स्वतःची लाज वाटत राहिली.

मग मी तिला नुसता बघत बसायला लागलो आणि थक्कच झालो. कपात चहा ओतताना ती मान जराशी कलती करते आणि काठाशी बरोबर थांबते, कारण भरत आलेल्या कपाचा आवाज बदलतो. मिठाच्या बरणीला रबर आहे, साखरेच्या नाही. इतके दिवस मी ते रबर निरुपयोगी समजत होतो. तुझ्या नव्या चष्म्याचं तिने कौतुक केलं ना? त्याआधी मी "अरे, नवा चष्मा!" म्हणालो होतो, तेवढ्यावर तिने वेळ मारून नेली. परवा मी दारात श्वास रोखून उभा राहिलो, तर म्हणाली, "आत या, चहा गार होतोय." एवढं मोठं माणूस माझ्या घरात राहतं आणि मला पत्ता नाही!

आता खरं सांगायचं ते. उरलेला उजेड राखायचा तर ऑपरेशन लवकर व्हायला हवं. गुरुवारी डॉक्टरांनी बोलावलंय. ती जायला तयार नाही, कारण ऑपरेशन म्हटलं की तुला कळणार. तुला कळवणार नाही, असं वचन तिने माझ्याकडून घेतलंय. ते मी तिच्यासमोर बसून मोडतोय. तू ये असं म्हणत नाही, येऊ नकोस असंही म्हणवत नाही. मला भीती वाटते ग.

इथवर लिहिलं आणि ती मटार सोलता सोलता म्हणाली, "पोरीला लिहिताय ना?"

"छे, कंपनीला."

"कंपनीला लिहिताना तुम्ही ओळीला तीनदा खोडता. आज पेन एकदाही मागे आलं नाही."

मी पेन खाली ठेवलं. तिने उरलेल्या शेंगा सोलून संपवल्या. शेवटी म्हणाली, "लिहा आता. म्हणावं, आई गुरुवारी जातेय. आणि पिटुकलीला सांगा, चित्रं दाखवायचं बंद करायचं नाही. दाखवताना ती श्वास रोखून धरते, मला ऐकू येतं ते."

मग तिने हात पुसून पेन मागितलं. खालची सही तिने स्वतः केली आहे. ओळ सोडून माझ्या नावावर चढली आहे. मी दुरुस्त केलेली नाही, करणारही नाही.

तुझे बाबा
आई