पंख्यांची घूं घूं

३ जून, सकाळ.
भिंतीवरच्या घड्याळाने मौनव्रत धारण केले आहे. वेळ अचूक, टिकटिक शून्य. हल्लीच्या वस्तूंत प्राण म्हणून नाही. बायकोचेही तेच. पूर्वी भांडी विसळताना अखंड गुणगुणायची, आता चकार शब्द नाही. रुसली असावी. कारण शोधणे.

५ जून.
कारखान्यात गदारोळ. आपले पंखे घूं घूं करतात म्हणून दुकानदार परत पाठवताहेत. पॅकिंगआधी प्रत्येक पंखा कानाने ऐकून पास करणारा मी. (पॅकिंगची पोरे मला कानसेन म्हणतात. आदराने.) अर्थात तपासणीत दोष असंभव. साहेबांनी मूळ कारण शोधायचे काम मलाच दिले. पद्धत शास्त्रोक्त : प्रत्येक उत्तराला पुन्हा 'का?' विचारायचे, पाच वेळा. आठवड्यात छडा लावतो.

८ जून.
पंखा का वाजतो? बेअरिंग सैल. का? नीट बसवले नाही. का? फिटरबाईंचे लक्ष नसते. तिसऱ्यालाच उत्तर मिळाले, दोन 'का' वाचले. रिपोर्ट दिला. बाईंना घरी बसवले. जाताना माझ्याशी काहीतरी पुटपुटल्या. लोक हल्ली स्पष्ट बोलतच नाहीत.

१२ जून.
नवा फिटर. पंखे तरीही परत. दुकानदारांची छतेच पोकळ असणार.
बायकोला साडी आणली. कशाबद्दल, म्हणाली. रुसवा का, असे हळुवारपणे विचारले. म्हणाली, अहो, ओरडताय कशाला?

१७ जून.
साहेबांनीच खोलात जाऊन पाहिले. बेअरिंगचा मालच सदोष आलेला. बाई निर्दोष. मग सदोष पंखा बाहेर का गेला? साहेबांनी परत आलेले तीन पंखे माझ्यासमोर लावले. मी तिन्ही पास केले. पोरे खाली बघू लागली. साहेब जवळ येऊन सावकाश म्हणाले, "कधीपासून हो?"
फॅक्टरीत गोंगाट फार, असे मी सांगितले. मशिनी बंद होत्या म्हणे.

१८ जून.
बाई परत कामावर. मी माफी मागितली. त्या काय म्हणाल्या, ते पुन्हा विचारायचे धाडस झाले नाही.

संध्याकाळी बायको भांडी विसळत होती, पाठमोरी. पंख्याच्या मोटारीवर ठेवतो तसा तिच्या पाठीवर तळवा ठेवला. पाठ थरथरत होती.
"गातेस?"
ती वळली, कानाशी तोंड आणून म्हणाली, "थांबले कधी होते?"

नोकरीचे काहीतरी होईल. तिचा आवाज मी विसरून जाईन, याची भीती वाटते.