धुराचा ताळेबंद

सोमवार, ता. ३
सामान जहाजावर सुखरूप चढलं : दोन ट्रंका, देवांचा डबा, समई, तेलाची बाटली. हमाली साठ, मागत होता शंभर. हे इथले मुख्य इंजिनिअर. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण बायकोला सोबत न्यायची परवानगी पहिल्यांदाच मिळाली. यांनी नवं यंत्र दाखवलं. इंजिनाच्या धुरातला कर्बवायू पकडतात, गार करून पातळ करतात नि तळातल्या टाक्यांत भरतात. हवेत काही सोडायचं नाही. पुण्याचंच काम म्हणायचं!

गुरुवार, ता. ६
यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून वायूची वही आता मीच लिहिते. पकडला किती, टाकीत भरला किती. रोज तीन-चार टन कमीच भरतात. कप्तान म्हणाले, कंपनी टनावर बक्षीस देते वहिनी, तूट दिसली तर सगळ्यांच्या पोटावर पाय. मॅट्रिकला गणितात पहिली होते मी. वहीत तूट शून्य दाखवून ताळा जमवून दिला. हे हसले; म्हणाले, घरी दुधाचा हिशेब, इथं धुराचा!

सोमवार, ता. १०
तळातल्या खोलीत जहाजाचा धोबी गेला. झोपेतच. कप्तान म्हणाले, हृदय. त्याच्या खाटेखाली सात उंदीर मेलेले. त्यांचंही हृदयच?

मंगळवार
यांना विचारलं, तूट जाते कुठं? हे पांढरे पडले. म्हणाले, वायू हवेपेक्षा जड. गळला की खाली साठतो. वास नाही, रंग नाही. मग यांनीच विचारलं, खरी तूट किती? मी बोटांवर मोजली. एकोणीस टन. यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. रागावले असते तर बरं झालं असतं.

बुधवार, दुपार
हे गळती बुजवायला तळात उतरले. पाठीवर अर्ध्या तासाची हवा. आणि टाकीचा सांधाच फुटला — कप्तानांनी वरून झाकण लावलं, कुलूप घातलं. किल्ली माझ्या हातात. म्हणाले, उघडलंत तर वायू उसळून इंजिनखोलीत येईल, तिथं पाच माणसं आहेत. इंजिन थांबवून त्यांना मी वर बोलावणार नाही. नवरा तुमचा, वहीही तुमची. ठरवा.

हे ठोकतायत. तीनदा. मग थांबून पुन्हा —

हवा आता पाच-सहा मिनिटांची —

देवाला विचारलं. देव गप्प. मी आजवर कुणाला विचारल्याशिवाय काही —

एकदाच ठोकलं.

दादा, तू थोरला, मला वडलांच्या जागी. हे पान मिळताच उलट टपाली कळव — उघडू की