हात वर न करणारी

मेट्रन मॅडम, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

क्रांती चौकाजवळच्या आपल्या हॉस्पिटलात पहिल्यांदा पेशंटच्या हृदयाचे ठोके दाखवणारे मॉनिटर आले, तो दिवस आठवतो. कंपनीचा माणूस घाईघाईत काहीतरी दाखवून गेला आणि तुम्ही वॉर्डातच आम्हा सगळ्या सिस्टरांना उभं करून विचारलंत, "जमंल ना? ज्यांची तयारी हाय त्यांनी हात वर करा." तुम्ही विचारल्यावर नाही म्हणायची कुणाची बिशाद होती? सगळ्यांचे हात वर. मी एकटी म्हणाले, "मॅडम, मला आणखी एकदा दाखवा." तुम्ही पेशंटांसमोर हसलात. "मेंढरामागं फिरणाऱ्याच्या पोरीला मशीन काय कळायचं? हिला नाय झेपायचं. लाँड्रीत टाका हिला." मुकुंदवाडीला घरी गेल्यावर मी वडिलांना काही बोलले नाही, कारण मेंढरं त्यांचीच होती. पुढं तुम्ही रिटायर होईपर्यंत मी चादरींच्या घड्या घालत राहिले, आणि हात वर केलेल्या सिस्टर मॉनिटर कोकलला की त्याचा आवाज बंद करून टाकत राहिल्या.

आता तुमच्या खुर्चीवर मी बसते. सगळे केसपेपर कॉम्प्युटरवर जाणार आहेत आणि स्टाफची तयारी कितपत आहे ते बघायचं काम माझ्याकडे आलंय. मी कुणाला हात वर करायला लावत नाही. एकेकीला केबिनमध्ये बोलावते, दार लावून घेते, चहा देते आणि काय अवघड वाटतंय तेवढंच विचारते. गेल्या महिन्यात तुमची सून आली, तीही आता आपल्याच वॉर्डात सिस्टर आहे. चहाला तिनं हात लावला नाही. म्हणाली, "मॅडम, लई भीती वाटती. नाय जमलं तर काढून टाकतेल का मला?"

खोटं कशाला बोलू, ऐकून मला गोड वाटलं. माझ्या एका शब्दावर ती वॉर्डातून गेली असती, आणि तो शब्द जिभेवर आलाही होता. पण मी तिला ट्रेनिंगला सगळ्यांच्या आधी पाठवलं. याला माफी समजू नका. आता ती रोज संध्याकाळी तुमच्या हार घातलेल्या फोटोखाली बसून घरच्यांना माझं कौतुक सांगते. तुमचा मुलगाही मान डोलावतो म्हणे.

हे पत्र टाकणार तरी कुठं? राहील माझ्याच कपाटात. एक मात्र कबूल करते, एवढं करूनही माझं समाधान झालेलं नाही. ते कौतुक ऐकायला तुम्ही जिवंत हव्या होतात.