माझ्याच बांधीत वाजलेली मशीन

मु. पो. सिहोरा, ता. तुमसर, जि. भंडारा
मंगळवार, १७ जानेवारी २०२३

रा. रा. आनंदराव, आमचे एकुलते एक साळेबुवा, यांस सेवकरामचा रामराम.

पाकीट पाहून दचकू नका. कोणी गेलेलं नाही, कोणी जाण्याच्या तयारीत नाही, आणि तुमच्या ताईची तब्येत ठणठणीत आहे (या घरात आजारी पडण्याचं खातं माझ्याकडे आहे). तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला गेला का? यंदा तुमच्या पवनीकडे लाखोरीचं पीक बरं दिसतं असं ऐकलं, ते खरं का? आता तुम्ही म्हणाल, भाटव्यांनी फोन सोडून पत्र कायले लिहिलं. तर मी फोनवर बोलायला लागलो की तुमची ताई रुखमा समोर येऊन बसते आणि माझ्या प्रत्येक वाक्याची दुरुस्ती करते. काही गोष्टी दुरुस्तीशिवाय सांगाव्या लागतात.

तुम्ही दिवाळीत विचारलं होतं की, येत्या एप्रिलमध्ये निवृत्त झाल्यावर मीही तुमच्यासारखी जमिनीतला धातू शोधायची मशीन घेऊ का, हा छंद करण्यासारखा आहे का. प्रश्न गंभीर आहे, म्हणून उत्तर सविस्तर देतो. आमच्या अंकुशने ती मशीन मला पुण्याहून पाठवली त्याचं कारण शुगर. डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं, आणि मी तीस वर्षं एसटीत कंडक्टर असल्यामुळे मला फक्त गाडी चालत असतानाच चालायची सवय. रिकाम्या रस्त्यावर हात हलवत चालणं मला वेडेपणाचं वाटायचं. हातात मशीन आल्यावर तोच वेडेपणा छंद झाला. शिवाय माझ्या मनाने घेतलं की या कामासाठी माझा कान जन्मापासून तयार आहे. खोटं नाणं मी पेटीवर आपटून आवाजावरून ओळखायचो, हे तुम्हाला ठाऊक आहे (एकदा तुमच्याच हातचं ओळखलं होतं, पण तो विषय आज नको).

पहिल्या महिन्यात मी नाल्याच्या काठापासून बाजाराच्या मैदानापर्यंत सगळं सिहोरा विंचरून काढलं. काय सापडलं म्हणता? गुटख्याच्या पुड्या. आनंदराव, त्या पुडीत आतून चांदीसारखा कागद असतो आणि त्यावर ही मशीन अशी वाजते की माणसाला वाटावं राजाचा मुकुटच लागला. मी दर वेळी गुडघे टेकून, कुदळीने माती उकरून, अलगद पुडी काढायचो. हजार वर्षांनी कोणी विद्वान इथे खोदकाम करील तेव्हा तो लिहील की या लोकांचा एकच धर्म होता आणि ते चौकाचौकांत त्याचा प्रसाद पुरत असत. पुड्यांखेरीज सायकलची अर्धी घंटी, तीन विळे, बैलाच्या पायाचा नाल आणि एक कुलूप सापडलं. कुलूप बंद होतं. कशाला लावलं होतं ते सापडलं नाही.

तुमच्या पवनीतला प्रसंग तुम्हाला आठवत असेलच. जुन्या अवशेषांजवळ मी मशीन नुसती खांद्यावरून खाली उतरवली, तेवढ्यात चौकीदार आला आणि त्याने मला तिथला फलक मोठ्याने वाचायला लावला. परवानगीशिवाय खोदणं गुन्हा आहे, हे वाक्य मी तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी ऐकायला शाळेची सहल उभी होती. चौकीदाराचं काहीच चुकलं नाही. चुकलं तुमचं. तुम्ही पानठेल्यामागे उभे राहून मला ओळखत नसल्यासारखे आभाळ पाहत होता.

इकडे गावात बोभाटा झाला की सेवकरामने गुप्तधनाची मशीन आणली. मग काय विचारता! आमच्या गावात एकाही घरात पुरेशा खाटा नाहीत, पण प्रत्येक घराच्या परसात पणज्याने पुरलेला हंडा आहे. लोक लिंबू घेऊन यायला लागले. एकाने कोंबडा कापू का म्हणून विचारलं. (मी म्हटलं कापा, पण मशीनसाठी नको, जेवायला बोलवा. तो परत आला नाही.) गावातल्या मंगरूच्या परसात त्याच्या आग्रहाने मशीन फिरवली, तर विहिरीजवळ त्याच्या घरच्या सत्यभामाबाईंचा पितळी अडकित्ता निघाला. हा अडकित्ता जाऊबाईंनी चोरला, असं सत्यभामाबाई बारा वर्षं पाण्यावर, बाजारात, बारशात सांगत आल्या होत्या. वाटलं, आता दोघी जावा गळ्यात पडतील. छे! सत्यभामाबाई म्हणाल्या, "तिनंच रातच्याले आनून पुरला असन." जाऊबाई म्हणाल्या, "आता तरी माफी माग." आणि मग दोघी मिळून माझ्यावर उखडल्या, की तुले कोनं सांगतलं होतं उकरायले. त्या दिवशी मला कळलं की हरवलेली वस्तू ही घरातली एक सोय असते. तिच्यावर लोकांची भांडणं टेकलेली असतात, ती काढून घेतली की सगळे तोल जाऊन पडतात.

आता मुख्य मुद्दा. आमच्या शेजारच्या इश्वरशी माझं नऊ वर्षं बोलणं नाही. लहानपणी आम्ही एकाच म्हशीवर बसलेली माणसं, पण त्याच्या आणि माझ्या धानाच्या बांधींमध्ये (शेतांमध्ये) हद्दीचा जो मातीचा धुरा आहे, तो इश्वर दर साली वीतवीतभर कोरतो आणि आपली बांधी वाढवतो, असा माझा आरोप. तो म्हणतो, कोरला तो तूच. त्यापायी त्याच्या घरावरून जाणारा रस्ताही मी सोडला. यंदा त्याच्या लेकीचं, तृप्तीचं, लग्न आहे, दहा फेब्रुवारीला. मांडवाचे बांबू आलेत. गावभर पत्रिका वाटून झाल्या, आमच्याकडे आली नाही. तुमच्या ताईने त्या पोरीच्या वेण्या घातल्यात, तिला पहिली भाकर थापायला शिकवली.  आता रुखमा जेवायला वाढताना ताट जरा जोरात ठेवते. मी म्हटलं, इश्वरने चूक कबूल केली की पत्रिका नसली तरी मी स्वतः हळदीला जाईन.

आणि कबूल करवायचं साधन तर घरातच होतं! आमच्या वडिलांनी, म्हणजे मारोतरावांनी, आणि इश्वरच्या वडिलांनी, ताराचंदबुवांनी, चाळीस वर्षांपूर्वी हाच वाद मिटवला होता. जुन्या लोकांची रीत तुम्हाला माहीत आहे: हद्द ठरली की धुऱ्याच्या टोकाला खड्डा करायचा, खाली टोपलीभर कोळसा, वर नांगराचा झिजलेला फाळ, आणि माती. कोळसा सडत नाही, फाळ चालत जात नाही. जागेची माहिती दोघांच्या वडिलांबरोबर गेली (मी त्या दिवशी ड्युटीवर होतो). पण लोखंड तर तिथेच असणार! मी पानठेल्यावर, इश्वरच्या कानावर जाईल अशा बेताने, जाहीर करून टाकलं: येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता सर्वांनी धुऱ्यावर यावं, मशीन न्याय करील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. इश्वर म्हणाला, "येतो ना बा, पाहू तुह्यी मशीन काय म्हन्ते." हे तो मला नाही, पानवाल्याला म्हणाला.

रंगीत तालीम म्हणून काल सकाळी मी एकटाच गेलो. धुऱ्यावर तुरीच्या झाडांमधून मशीन फिरवली. मुकी. इश्वरच्या बांधीत चार पावलं गेलो. मुकी. निराश होऊन मागे फिरलो, तर आपल्या बांधीत, धुऱ्यापासून चार हात आत, लाखोरीच्या मधोमध ती अशी कोकलायला लागली की बगळे उडाले. यावरून स्पष्ट दिसतं की मशीन बिघडलेली आहे. ज्या यंत्राला आपली बांधी कोणती आणि परक्याची कोणती हे कळत नाही, त्याच्यावर विश्वास कसा ठेवावा? तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की हा छंद अगदी निकामी आहे. तुम्ही बागकाम करा. तोंडली लावा.

सर्वांना यथायोग्य. वहिनींना नमस्कार.

तुमचे भाटवे,
सेवकराम

ता. क. मशीन बिघडलेली नाही. हे वर लिहायला माझा हात धजला नाही. मी तिथे हातभर खोदलं. फाळ निघाला आणि फाळाखाली कोळसा. नांगरताना पडलेल्या फाळाखाली कोणी कोळसा घालत नाही. म्हणजे हद्द तीच, आणि चार हात इश्वरचे आम्ही खातो. खरं सांगतो आनंदराव, मला फार लाज वाटली. नऊ वर्षं मी त्या माणसाला चोर म्हटलं. लाखोरीत बसून मी थोडा रडलोही. मग माती लोटून, वरून लाखोरी नीट करून घरी आलो. लाज जवळजवळ अर्धा तास टिकली.

ता. क. दुसरा. रविवारी सारं गाव येणार आहे, हे ध्यानात घ्या. माझी गावात काही एक किंमत आहे. तुमच्या गोठ्याच्या आढ्याला तुमच्या वडिलांच्या नांगराचा जुना फाळ खोचलेला आहे. तो वर्तमानपत्रात गुंडाळून शनिवारच्या पहिल्या गाडीने घेऊन या. पुसू नका, गंज तसाच असू द्या. कोळसा माझ्याकडे आहे. आपण दोघं संध्याकाळी फिरायला म्हणून जाऊ आणि तो धुऱ्याच्या पलीकडे, फार नाही, एक हातभर, योग्य जागी ठेवून येऊ. आपल्या बांधीतला खरा काढून घेऊ. इश्वरने कबूल केलं की मी त्याला लगेच मोठ्या मनाने माफ करीन, पत्रिका येईल, रुखमा हळदीला जाईल, सगळ्यांचं भलं होईल.

ता. क. तिसरा. वाचून चुलीत टाका. पोस्टात जायला इश्वरच्या घरावरून जावं लागतं म्हणून पत्र रुखमाच्या हाती देतोय. तिला यातलं अक्षर माहीत नाही. पाकीट भाताच्या शितांनी पक्कं चिकटवलं आहे.

*

आनंदा, मी रुखमाताई लिहून राहिली. शितानं चिकटवलेलं पाकीट भाताच्याच वाफेवर उघडते, हे तुह्या भाटव्यायले मालूम नाई, काहून का हे कवा चुलीजवळ आलेच नाई. चिठ्ठी मंगळवारपासून माह्या तांदळाच्या डब्यात होती. आज सोमवार हाय. आता पेटीत टाकून राहिली.

तो फाळ कुठी हाय, मले पयल्यापासून मालूम होतं. मामाजीनं, यायच्या बाबानं, पुरला तवा कोळशाची टोपली माह्याच डोक्यावर होती. मंग पुराच्या साली धुरा वाहून गेला, नवा बांधला, तवा दोरी यायनंच धरली होती अन् यायले गाडीवर जायची घाई होती, तवाच धुरा इश्वरभाऊच्या बांधीत चार हात सरकला. नऊ वर्सापूर्वी मी यायले सांगतलं, त म्हने, तुले धुऱ्यातलं काय समजते. मंग मी कायले बोलू?

शनिवारी हे दिवसभर एसटी स्टँडवर बसून होते. उतरनाऱ्या हरेक मानसाचे हात पाहेत. तू आला नाई. राती जेवले नाई. रविवारी गाव जमा झालं, इश्वरभाऊ बी आले. यायनं धुऱ्यावर मशीन फिरवली अन् उभे राहिले. लय वेळ उभे राहिले. मले वाटलं, आता म्हनन मशीन बिघडली. पन हे आपल्या बांधीत उतरले, लाखोरी बाजूले केली अन् आपल्याच हातानं खोदून फाळ वर काढला. कोनी हासलं नाई. इश्वरभाऊनं फाळ हातात घेतला, उलटा-पालटा करून पाह्यला, म्हने, "हा आमच्या बाबाच्या नांगराचा होय." अन् तेथीच मातीत बसले. मंग म्हने, "सेवक, पानी आनलं का रे?" नऊ वर्सानं पयलं बोलनं हे. यायनं बाटली देल्ली. मले लय रडू आलं, पदर तोंडाले लावून उभी राहिली.

पत्रिका आली. इश्वरभाऊची ललितावयनी सोता घेऊन आली. तृप्तीले हळद माह्या हातानं लागन. दहा तारखेले तू अन् वयनी दोघंबी येजा. फाळ गोठ्यातच राहू दे.

आता हे गावभर सांगत फिरतात का मशीन खोटं बोलत नाई अन् मानसानं बी खोटं बोलू नये. लोक मान डोलावतात. मी बी डोलावली. तू आला नाई म्हनून तुह्यावर रुसून हायेत, दोन दिवस रुसू दे. चिठ्ठीचं इचारलं त सांगजो, भेटलीच नाई.