कोसा साडीवरचा डाग

धायरी, पुणे
१२ फेब्रुवारी २००३

ती. बाबांना,
उत्कर्षाचा नमस्कार, आईलाही सांगा. मी मजेत आहे, वेळेवर जेवते, सर्दी गेली. फोन मुद्दाम केला नाही. तुम्हाला शेजारच्या दुकानात बोलावतात आणि मग माझी सर्दी अख्ख्या साकोलीला होते.

घरमालकीण सोजरबाई ठणठणीत. काल माझी पिवळी बोटं बघून म्हणाल्या, "काय गं, तुझ्या कंप्युटरला हळद लागली हाय का?"
"हळद नाही मावशी, पळस."
"मंग ठीक हाय. म्हटलं, लगीन उरकून आली आन् आम्हाला जेवण न्हाई!"

पळसावरून आठवलं. त्या रंगपंचमीला तुम्ही आपल्या लाँड्रीच्या कढईत पळसाची फुलं उकळली होती आणि एक मग आईच्या कोसा साडीवर गेला होता. तुमची बनियन एका धुण्यात पांढरी. साडीला सोडा झाला, लिंबू झालं, तुमची ती गुपित पावडरही झाली. डाग तिथेच. आई अजून म्हणते ना, "गावाचे डाग काढते हा माणूस, घरचा राहिला!"

बाबा, चूक तुमची नव्हती. कोसा म्हणजे रेशीम, रेशीम म्हणजे प्रोटीन; कापूस म्हणजे नाही. पळसाच्या रंगाचा रेणू प्रोटीनच्या कपारीत शिरतो आणि बसतो. मला हे कळलं तेव्हा मी लॅबमध्ये एकटीच हसत बसले.

आणि गंमत बघा. फुलात त्या रेणूला साखर चिकटलेली असते. साखरेमुळे तो पाण्यात मस्त विरघळतो, पण प्रोटीनला धड धरत नाही. म्हणून आम्ही साखर काढतो आणि त्याच्या एका टोकाला मिथिल नावाची इवलीशी टोपी घालतो. मग तो रक्तातल्या प्रोटीनला असा घट्ट धरतो की बस! बरीच औषधं त्याच प्रोटीनवर बसून अंगभर फिरतात, म्हणून ही सगळी खटपट.

यंत्रात प्रोटीनची चमक मोजायची. रेणू बसला की चमक उतरते. शनिवारी ती इतकी उतरली की मला वाटलं, आतला दिवाच गेला. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन यंत्र उघडायला निघाले. लॅबचे सीताराम सर म्हणाले, "दिवा शाबूत आहे. आपण थोडं आनंदी व्हायला हरकत नाही." पुण्यात याला जल्लोष म्हणतात.

शनिवार म्हटलं मी. मंगळवारीही, ऐन कंपनीच्या वेळेत, लॅबमध्येच होते. आजही आहे.

कंप्युटरची कंपनी छान आहे, बाबा. एसी आहे, कँटीनला डोसा मिळतो, गाडी न्यायला येते. फक्त मी तिथे नाही. एक तारखेला राजीनामा दिला. सरांच्या प्रोजेक्टवर लागले आहे, पुढे पीएच.डी. तुम्ही माझ्या कंपनीच्या कार्डाची झेरॉक्स काउंटरच्या काचेखाली लावली आहे, गिऱ्हाईकाला कपड्यांआधी ती दाखवता, हे आईने सांगितलं. म्हणून चार पत्रं लिहिली आणि फाडली. ह्या पाचव्यातही आधी सर्दीचं लिहिलं, बघा.

सोबत कोसा कापडाचा एक तुकडा पाठवते. टोपीवाल्या रंगात बुडवलाय, रंग पक्का करणारी तुरटी घातलेली नाही. सर म्हणाले, "रक्तातलं प्रोटीन वेगळं, रेशमाचं वेगळं. वडिलांशी पैज लावू नकोस." मी लावतेय. ब्लीच सोडून तुमच्याकडचं सगळं वापरा. उकळा, घासा, ती गुपित पावडर टाका.

रंग निघाला, तर मी कंपनीत जाऊन हात जोडते, परत घ्या म्हणते. अगदी खरं.

नाही निघाला, तर काचेखालची झेरॉक्स काढून तिथे तो तुकडा लावा. आणि फुलं आली की एक पोतं ट्रॅव्हल्सने पाठवा. पत्ता लॅबचा घाला, मागच्या बाजूला लिहिलाय.

डाग न काढता येणाऱ्या माणसाची,
न निघणारी लेक,
उत्कर्षा